मुंबई ते जयगड शिडाच्या होडीने: मतलई, खारा वारा आणि खाड्यांची तोंडं

नाशिकहून समुद्रावर जाणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच येतो की लाटा किती मोठ्या असतात. आमच्या मते त्याहून कामाचा प्रश्न वेगळा आहे: लाटा कुठे आणि किती वाजता असतात? हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावरचं खवळलेलं पाणी बहुतेक वेळा ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या तासांनाच भेटतं. जानेवारी अखेरच्या या प्रवासात आमची होडी २८ फुटी होती, पाण्याखाली दीड मीटर जाणारी, आणि आम्ही चौघे नाशिककर. रोजचा टप्पा पंधरा ते चाळीस सागरी मैलांचा.

पहिला दिवस: गंगापूर धरण, मग कसारा घाट

सकाळ गंगापूर धरणाच्या पाण्यावर एका छोट्या शिडाच्या होडीत गेली. तिथे समुद्रासारखी लाट नाही, पण टेकड्यांमुळे वाऱ्याचे झोत अचानक येतात आणि दिशाही बदलतात. रीफ घेण्याचा, म्हणजे मुख्य शीड आखडण्याचा सराव करायला याहून चांगली जागा नाही. क्रम हातात इतका बसायला हवा की अंधारातही चुकू नये:

१. बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) खाली ओढणारा दोर आणि मुख्य शिडाची शीट (शीड आवळायचा दोर) सैल करा. शिडातला वारा गेला पाहिजे.
२. बूमचं मागचं टोक वरून तोलणारा दोर घट्ट करा, नाहीतर बूम डोक्यावर येईल.
३. शीड चढवायचा दोर, म्हणजे हॅलयार्ड, आधी रंगवून ठेवलेल्या खुणेपर्यंतच सोडा.
४. शिडाच्या पुढच्या कडेचं रीफचं कडं डोलकाठीजवळच्या हुकात अडकवा.
५. हॅलयार्ड पुन्हा ताणा. पुढची कड सरळ झाली की थांबा.
६. मागच्या कोपऱ्याचा रीफचा दोर बूमला टेकेपर्यंत ओढा.
७. बूम तोलणारा दोर सैल करा, शीट पुन्हा लावा.

घोळ बहुतेक वेळा पाचव्या आणि सहाव्या पायरीची अदलाबदल झाल्याने होतो. मागचा कोपरा आधी ओढला तर सगळा ताण शिडाच्या मधल्या शिवणीवर येतो आणि शीड तिथेच फाटतं. हॅलयार्डवर खूण नसेल तर दोर जास्त सुटतो आणि शीड पाण्यात लोळतं. खुणेला पाच मिनिटं लागतात, घरून निघण्याआधीच करून टाका.

दुपारी मिसळ, मग महामार्गाने मुंबई. घाटाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

*निघण्याआधी:* होडीची कागदपत्रं, चौघांची ओळखपत्रं आणि नावांची यादी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. २००८ नंतर किनाऱ्यावर तपासणी कडक झाली आहे आणि गस्तीची नाव कुठेही थांबवू शकते. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही क्रमांक केबिनच्या दारावर लिहून चिकटवा. किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे रोजचा टप्पा आणि पोहोचायची वेळ देऊन ठेवा. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज रोज संध्याकाळी बघा.

नाशिककरांकडे आणखी एक अंदाज घरचा आहे. निफाडचा पारा घसरला की किनाऱ्यावर बहुतेक वेळा उत्तरेचा वारा वाढलेला असतो. बातमीत द्राक्षबागांवर थंडीचं संकट वाचलं की रीफचे दोर तपासायला घ्यावेत.

दुसरा दिवस: मुंबई ते राजपुरी, सुमारे चाळीस मैल

अष्टमी मुद्दाम निवडली होती. कोकणात भरती काढायचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणपट केलं की भरतीची अदमासे वेळ मिळते. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सकाळी सहाला आणि पुन्हा संध्याकाळी सहाला. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असल्याने पाण्याची चढउतार कमी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत चार-साडेचार मीटर फरक पडतो, भांगाला त्याच्या निम्म्याच्याही खाली जातो. प्रवाहाचा जोरही तसाच उतरतो.

साडेसहाला गेटवेसमोरून निघालो तेव्हा ओहोटी सुरू होऊन अर्धा तास झाला होता, म्हणजे बाहेर जाणारं पाणी सोबतीला. वर जमिनीवरून येणारा मतलई वारा ईशान्येकडून दहा नॉटचा, म्हणजे ताशी दहा सागरी मैलांचा. या वाऱ्याला पाण्यावर धावायला जागा मिळत नसल्याने लाट उठत नाही. किनाऱ्यापासून दोन मैलांवरून चाललं तर होडी साडेपाच नॉटने जाते आणि चहा सांडत नाही.

मुंबईच्या बंदरात इंजिनचा खरा शत्रू प्लास्टिक आहे. इंजिन थंड ठेवणारं पाणी आत येतं त्या तोंडावर पिशवी बसते आणि इंजिन तापतं. एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का हे दर दहा मिनिटांनी बघा. पडत नसेल तर इंजिन बंद, ते पाणी आत घेणारा तळाचा कॉक बंद, गाळणीचं झाकण उघडून कचरा काढा, झाकणाची रबर रिंग नीट बसवा, कॉक उघडा, मग इंजिन चालू. कॉक उघडायला विसरलं की पंपाचं रबरी चाक कोरडं फिरून मिनिटाभरात फाटतं, म्हणून एक जादा चाक जवळ ठेवा.

नऊच्या सुमाराला खांदेरी डाव्या हाताला आलं. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये या बेटावर तटबंदीचं काम सुरू केलं, आणि आता तिथल्या दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. खांदेरी-उंदेरीच्या मधून जायचा मोह टाळावा, खडप आहे. चौलकडूच्या खडकालाही बाहेरूनच वळसा घ्यायचा.

रेवदंड्यापर्यंत दुसरी अडचण जाळ्यांची. या पट्ट्यात डोल जाळी असतात, प्रवाहाकडे तोंड करून खांबांना किंवा नांगरांना बांधलेली. प्रवाह जोरात असला की त्यांचे बोये पाण्याखाली ओढले जातात आणि दिसतच नाहीत. रेवदंड्याच्या बाहेर भेटलेल्या एका नाखव्यांना विचारलं, "नाखवा, आतून जाऊ का?" त्यांनी हातानेच बाहेर जा म्हणून दाखवलं आणि ओरडून सांगितलं, "दोन झेंडं दिसलं का मदी जाळं हाय असा समजायचा." पंख्यात जाळं अडकलं तर इंजिन लगेच न्यूट्रलला घ्या. उलटं फिरवून सुटेल या आशेने गिअर टाकला की दोर आणखी घट्ट बसतो. नांगर टाका, मग सुरी घेऊन उतरणाऱ्याला दोर बांधा.

बाराला कोर्लईच्या किल्ल्यासमोर वारा पूर्ण पडला. हा रोजचा मध्यंतर आहे. जेवण याच वेळात उरका: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मनुका. साडेबारानंतर वायव्येकडून खारा वारा येतो. एकला आठ नॉट, तीनला सोळा. वारा बारावरून अठरावर गेला की वेग दीडपट होतो, पण शिडावरचा जोर सव्वादोनपट. म्हणून आमचा नियम असा: पंधरा नॉटला पहिला रीफ, विसाला दुसरा. पाणी पांढरं व्हायला लागलं की हात लावायचा, वाट बघायची नाही.

साडेचारला जंजिऱ्याच्या मागून राजपुरीच्या खाडीत शिरलो, भरतीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात. तळ चिखलाचा, नांगर छान धरतो. दोराचा हिशेब भरतीच्या पाण्यावर करायचा: खोली सहा मीटर, अजून चढायचं अर्धा, पाण्यापासून डेकची उंची एक, एकूण साडेसात. साखळी असेल तर पाचपट, म्हणजे चाळीसच्या जवळ. नुसता दोर असेल तर सातपट. दिघी बंदराच्या जहाजांची वाट मोकळी ठेवा आणि डोलकाठीवर पांढरा दिवा लावा.

रात्री राजपुरीत मांदेली, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. ज्यांना दिवसभर मळमळलं होतं त्यांनीही खाल्लं. मळमळीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते. त्रास सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात टिकत नाही. आल्याचा तुकडा, क्षितिजावर नजर आणि हातात सुकाणू, यानेही पुष्कळ फरक पडतो. केबिनमध्ये मोबाइल बघत बसणाऱ्याला मात्र कशाचाच उपयोग नाही.

तिसरा दिवस: राजपुरी ते हर्णे, तीस मैल

सकाळी सातला मतलई, दुपारी खारा, तोच क्रम. श्रीवर्धन, हरिहरेश्वर मागे पडले. बाणकोटच्या खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे. आम्ही आत जाणार नव्हतो, तरी तीन मैल बाहेरून गेलो. सावित्रीचं ओहोटीचं पाणी समुद्रात पुष्कळ लांबवर जातं आणि त्या पट्ट्यात लाट आखूड होते.

हर्ण्याला संध्याकाळी मासळीचा लिलाव. किनाऱ्यावर बैलगाड्या, टोपल्या, मोठ्याने बोली. एका तांडेलकाकांनी सुरमईचा दर ऐकवला आणि मग स्वतःच हसून म्हणाले, "तुमच्यासाठी वेगळा." त्यांच्याकडून मिळालेली खरी माहिती अशी: सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्याच्या मधे खडक आहेत, मासेमारी नावांच्या दक्षिणेला वाळूवर नांगर टाका आणि पहाटे तीनला नावा निघतात तेव्हा दिवा चालू ठेवा. वायव्येची लाट इथे वळून आत येते, त्यामुळे होडी रात्रभर डुलते. झोप हवी असेल तर नाळेवरच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, नांगराबरोबर पिछाडीवरून छोटा नांगर टाकून नाळ लाटेकडे ठेवता येते. त्याला अर्धा तास जातो, पण वसूल होतो.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे किल्ले गेले त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेर एकत्र आहेत. बागलाणातून सुटलेली यादी हर्ण्याच्या पाण्यापर्यंत येते.

चौथा दिवस: हर्णे ते दाभोळ, पंधरा मैल आणि एक लांब दुपार

अंतर सगळ्यात कमी, लिहिण्यासारखं सगळ्यात जास्त.

दशमी होती. पाऊणपट साडेसात, आणि मुंबईपेक्षा दक्षिणेला भरती थोडी आधी येते. म्हणजे दाभोळला पूर्ण ओहोटी दुपारी एकच्या आसपास आणि आत जायची योग्य वेळ पाचनंतर. पहाटे चारला निघून सकाळीच शिरता आलं असतं, पण अंधारात जाळ्यांमधून जायचं नव्हतं. आठला निघालो, साडेबाराला वाशिष्ठीच्या तोंडासमोर. वायव्येचा वारा सुरू झाला होता.

ओहोटीचं पाणी खाडीतून पश्चिमेला येतं, वाऱ्याची लाट वायव्येहून आत जाते. दोन्ही समोरासमोर आली की लाटेची लांबी कमी होते आणि तीच ताकद उंचीत जाते. एक मीटरची सुस्त लाट दीड मीटरची उभी भिंत होते. वर वाळूचा दांडा. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की लाट फुटते, म्हणजे दीड मीटरची लाट दोन मीटर पाण्यात फुटणारच. समुद्राकडून बघताना फुटणाऱ्या लाटांच्या फक्त पाठी दिसतात, तोंडं दिसत नाहीत. त्यामुळे बाहेरून सगळं बरं वाटतं. दहा मिनिटं थांबून पांढरा फेस कुठे सारखा उठतो ते बघा आणि दुर्बिणीने दांड्याच्या दोन्ही टोकांकडे नजर टाका.

आत बंदर, गाव, गरम जेवण. अशा वेळी आत शिरावंसं वाटणं साहजिक आहे, आणि किनाऱ्यालगतचे अपघात याच ओढीतून होतात. खोल पाण्यात वीस नॉटचा वारा छोट्या होडीला त्रास देतो, पण बुडवत नाही. उथळ पाण्यात तोच वारा होडी आडवी करतो. म्हणून आम्ही पाच मैल बाहेर गेलो आणि होडी थोपवून धरली.

होडी थोपवण्याची कृती अशी. मुख्य शिडाला दोन रीफ, पुढे छोटी जिब, म्हणजे नाळेकडचं शीड. वारा डाव्या बाजूला घेऊन उत्तरेकडे जितकं चढता येईल तितकं चढा. मग नाळ वाऱ्यातून फिरवा, पण जिबची शीट सोडू नका. जिब उलटी भरते आणि नाळ मागे ढकलते. मुख्य शीट सैल करा, सुकाणूचा दांडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला नेऊन बांधा. जिब नाळेला खाली ढकलते, सुकाणू वर आणतं, या ओढाताणीत होडी जवळपास उभी राहते. आता वारा उजव्या बाजूला आणि नाळ पश्चिमेला, समुद्राकडे. हीच बाजू निवडायची. उलट केलं तर नाळ उत्तरेला राहते आणि होडी किनाऱ्याकडे सरकते. थोपवलेली होडीही ताशी एक-दीड मैल वाऱ्याखाली वाहते. तीन तासांचे चार मैल आधीच हिशेबात धरा, म्हणून पाच मैल बाहेर.

आवाज एकदम कमी होतो. स्टोव्ह पेटवून मेतकूट-भात झाला. दोघे झोपले, दोघे पाहऱ्यावर. डॉल्फिन आले, गेले.

साडेचारला परत तोंडाकडे. वारा तेवढाच होता, पण पाणी आत जायला लागलं होतं आणि दुपारचा पांढरा पट्टा निम्म्याहून कमी झाला होता. शिरण्याआधीची तयारी:

इंजिन दहा मिनिटं आधी चालू करा. लाटांनी टाकीच्या तळाचा गाळ ढवळला जातो, तो डिझेल फिल्टरमध्ये बसतो आणि इंजिन नेमकं दांड्यावर बंद पडतं. आदल्या दिवशी फिल्टर बदला, दोन जादा ठेवा. तरीही छोटी जिब वर असू द्या, इंजिन गेलं तर ती होडीला दिशा देते. केबिनच्या दाराच्या फळ्या बसवा. सगळे कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत, लाइफ जॅकेट घालून, पट्ट्याचा हुक अडकवून. डेकवर कुणी नाही. नांगर तयार ठेवा, बांधणी एका झटक्यात सुटेल अशी.

खोल वाट दक्षिणेला, अंजनवेलच्या गोपाळगडाखालून आहे. वाळू उत्तरेकडून येते आणि दर पावसाळ्यात थोडी हलते, म्हणून जुन्या नकाशावर विसंबू नये. आम्ही आत जाणाऱ्या एका मच्छीमार नावेच्या मागे शंभर मीटर अंतर ठेवलं. तीन मीटर पाण्यात लाट दहा नॉटने जाते, आपली होडी सहाने. प्रत्येक लाट ओलांडून पुढे जाणारच. पिछाडी तिच्याशी काटकोनात ठेवा, लाट होडीखाली आली की इंजिन कमी, ती पुढे गेली की जास्त. लाटेच्या तोंडावर वेग वाढवला तर होडी घसरगुंडीवर बसल्यासारखी सुटते, नाळ खाली रुतते आणि पिछाडी बाजूला फिरते.

पंधरा मिनिटांत सपाट पाणी. धोपाव्याच्या फेरीला वाट दिली आणि दाभोळसमोर नांगर टाकला.

पाचवा दिवस: दाभोळ ते जयगड, सतरा मैल

सकाळी सव्वासातला, पाणी जवळपास स्थिर असताना बाहेर. दांड्यावर काहीच नव्हतं, आदल्या दिवशीची जागा दाखवूनही पटली नसती.

निफाडचा पारा रात्री घसरल्याची बातमी आली होती. अकरालाच वायव्येचा वारा अठरावर गेला आणि वेळणेश्वरपर्यंत बावीस, झोत सव्वीसचे. वारा मागून उजव्या तिरक्या बाजूने. अशा वेळी धोके दोन. पहिला, बूम अचानक पलटणं. त्यासाठी बूमच्या टोकापासून दोर पुढे नाळेजवळच्या कप्पीतून घेऊन कॉकपिटमध्ये बांधा. बूमच्या मध्यावर बांधला तर बूम तिथेच मोडते. दुसरा, लाट पिछाडी उचलते तेव्हा होडी वाऱ्याकडे आपोआप वळून आडवी होणं. मागचं शीड मोठं असलं की हे हमखास होतं, म्हणून आधी मुख्य शीड कमी करा आणि पुढची जिब राहू द्या. सुकाणू धरणाऱ्याने लाटेच्या आधी चालायचं: पिछाडी उचलायला लागताच सुकाणूचा दांडा वाऱ्याकडे ओढायचा, होडी वळल्यावर नाही. हे काम थकवणारं आहे, वीस मिनिटांनी माणूस बदला.

हुक अडकवायला डेकवर पुढून मागे सपाट पट्टी ताणलेली हवी. गोल दोर पायाखाली घरंगळतो. केबिनमधून बाहेर पाऊल टाकण्याआधीच हुक अडकवा. पाच नॉटला होडी मिनिटात दीडशे मीटर जाते, आणि दीड मीटरच्या लाटेत एवढ्यावरून माणसाचं डोकं दिसत नाही. पाणी उबदार आहे, हा भाग पडलेल्याला दिसतच नसेल तर उपयोगाचा नाही.

हेदवीच्या बामणघळीत उधाणाला पाणी उसळतं ते प्रसिद्ध आहे. पाण्यावरून ते दिसलं नाही, फक्त खडकांवर फेस दिसला आणि आम्ही आणखी एक मैल बाहेर सरकलो.

दीडला जयगडच्या दीपगृहाला वळसा घालून शास्त्रीच्या खाडीत. मोठी जहाजं येतात, म्हणून वाट खोल आहे आणि भरतीची वाट बघावी लागत नाही. व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ ऐकत राहा. टेकडीमागे गेल्यावर वारा निम्मा झाला आणि सगळ्यांना एकदम भूक लागली. जेटीजवळच्या खानावळीत तिसऱ्यांचं कालवण होतं. वाढणाऱ्या काकूंनी "नाशिक? मग द्राक्षं कुठेत?" असं विचारलं. होती, अर्धा किलो, थोडी चेपलेली.

होडी तिचे मालक पुढे गोव्याला नेणार होते. आम्ही गाडीने परत.

*उत्तरेकडे परतणाऱ्यांसाठी:* हाच प्रवास उलट केला तर दुपारचा वारा तोंडावर येतो आणि तीस मैलांचे पंचेचाळीस होतात. पहाटेच्या मतलईवर किनाऱ्याजवळून चला, बाराच्या आत नांगर टाका. टप्पे निम्मे धरा. पौर्णिमा-अमावास्येच्या सकाळी सहा ते बारा पाणी चढत असतं आणि किनाऱ्याने उत्तरेला वाहतं, तेव्हा परतीसाठी तिथी उधाणाजवळची घ्या. खाडीत शिरण्याचा हिशेब मात्र त्या दिवशी पुन्हा करा. उधाणाची ओहोटी भांगाच्या दुपटीने ओढते. पिण्याचं पाणी माणशी रोज तीन लिटर, त्यावर दोन दिवसांचं जादा. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर इन्कॉइसचा इशारा दिवसातून दोनदा बघा. त्या दिवसांत इथे वारा नसतानाही दक्षिणेच्या महासागरातून लांब पल्ल्याच्या लाटा येतात आणि सकाळी सपाट असणाऱ्या दांड्यावरही लाट फुटत असते.